न चावलेली चप्पल

आमच्या कोल्हापुरात नवी चप्पल चावते आणि त्याचं कुणाला फारसं वाईट वाटत नाही. तिला तेल पाजायचं, चार दिवस घरातल्या घरात घालून फिरायचं, अंगठ्याशी फोड आला की खोबरेल लावायचं आणि पुन्हा पाय घालायचा. कुणी कुरकुर केली की माझे वडील म्हणायचे, "चावली न्हाय तर ती चप्पल कसली?"

वडिलांना बरीच वर्षं मधुमेह होता. बिनसाखरेचा चहा पिताना ते असं तोंड करायचे, की चहा करणारीलाच अपराधी वाटावं. बाकी गडी झकास होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी चप्पल ओळीतून एक भारी जोड घेतला. तळात आवाजासाठी विंचू नावाचं बी घातलेला, करकर वाजणारा. पहिल्याच संध्याकाळी रंकाळ्याला फेरी मारून आले आणि जिन्यातूनच आईला ओरडून म्हणाले, "अगं, चावलीच न्हाय की! लोण्यागत हाय!"

आम्ही सगळे खूश. शेजारचे काका तर कारागिराचा पत्ता घेऊन गेले.

चप्पल चावली होती. पायाला ते कळलं नव्हतं. त्या पायातली जाणीव साखरेनं कधी खाल्ली, हे त्यांनाही माहीत नव्हतं. फरशीवर उमटलेले ओले डाग आईला दिसले, तेव्हा अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत पाऊल.

पाऊल गेलं ते गेलंच, पण त्यांचं रंकाळ्याला जाणं गेलं, याचा मला अजून राग येतो. मित्र काही दिवस घरी आले, मग यायचे थांबले. वडील गॅलरीत बसून खालून जाणाऱ्यांच्या चपलांचे आवाज ऐकायचे. "ही नवी हाय," एवढंच म्हणायचे. दसऱ्याला आई त्यांच्या दोन्ही चपलांना तेल लावायची. मी चिडायचे. ती म्हणायची, "जोड हाय तो. एकीलाच लावून कसं चालंल?"

आता दोघंही नाहीत. जिन्यात मात्र अधूनमधून करकर वाजते. दार उघडून बघावं तर कुणी नसतं. मी भुताखेतावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही, पण त्या वेळी हातातलं काम थांबतं आणि मी घाबरते, हे खरं.

गेल्या वर्षी माझ्याही रिपोर्टात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मऊ बूट घालायला सांगितले, रोज आरसा धरून तळवे बघायला सांगितले. सगळं निमूटपणे करते. पण आरशात तळवा धरला की मला वडिलांचाच पाय दिसतो. माझा पाय अजून माझा आहे का, हे आरसा सांगत नाही.

परवा राहवलं नाही. डॉक्टरांचं न ऐकता चप्पल ओळीत गेले आणि चांगली कडक, करकर वाजणारी चप्पल मागितली. दुकानदार म्हणाला, "ताई, दोन-चार दिस चावंल बघा. मग बसंल पायाला."

"चावायलाच पाहिजे," मी म्हणाले. तो हसला. त्याला वाटलं, अस्सल कोल्हापूरची बाई दिसते.

चप्पल घालून तशीच रंकाळ्यावर गेले. अर्धी फेरी होते न होते तोच उजव्या अंगठ्याशी आग झाली. तिथल्याच एका बाकावर बसले आणि आनंदानं रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. 'चाव बाई, चाव,' असं मनात म्हणत लंगडत घरी आले. जिन्यात माझ्याच पायांची करकर ऐकली आणि पहिल्यांदाच भीती वाटली नाही.

दिवा लावून चपला काढल्या. उजव्या अंगठ्याशी टपोरा फोड आला होता.

डाव्या अंगठ्याशीही आला होता. तो केव्हाच फुटला होता, आणि चपलेचा पट्टा रक्तानं भिजला होता.