बॉयलरची पाळी आणि कुंताचा फोन

काम करणाऱ्याकडं किस्से साठतात आणि नुसतं बघणाऱ्याकडं सल्ले. माझ्याकडं दोन्ही भरपूर आहेत. सल्ले अर्थात लोकांचे.

कुरुंद्याच्या आमच्या बायकांच्या गटासाठी हळद शिजवायच्या बॉयलरची पाळी लावणारं ॲप मी लिहिलं. म्हातारपणी, मोबाइलवर बघून शिकले, कुणाचे पाय धरले नाहीत. त्याआधी ज्याचा आवाज मोठा, त्याच्या शेतात बॉयलर आधी. आता जिची पाळी तिनं फोन दाखवायचा. फोन उघडला नाही, तर बॉयलर पुढच्या शेतात. म्हणून ॲप उघडलंच पाहिजे, हा माझा हट्ट.

*

अपडेट आलं की ॲप आधी फोनमधली जुनी माहिती नव्या मांडणीत बसवतं. त्याला मायग्रेशन म्हणतात. जुन्या फोनवर नुसतं चक्र फिरत राहायचं. गटातल्या कुंताचा फोन सगळ्यांत जुना. ती अपडेट लावायची आणि चुलीवर चहा ठेवायची. शेजारणी जमायच्या.

एकीनं विचारलं, "मायग्रेशन म्हंजी काय गं?"

कुंता म्हणाली, "चहा."

*

चहा संपला तरी चक्र फिरतच असलं, की कुंता ॲप बंद करून पुन्हा उघडायची. झालेलं काम वाया, परत पहिल्यापासून. गेल्या हंगामात अशीच तिची पाळी हुकली.

मी झापलं, "हळद शिजून राहिली तर मधीच जाळ विझवती का तू?"

"तिथं वाफ दिसती, काकू. इथं काय दिसून राहिलं?"

बराबर होतं तिचं. चक्र काढून किती काम झालं ते दाखवणारी पट्टी टाकली. कुंतानं ती बघितली. "आता निदान कळतंय, किती उशीर व्हनार ते."

*

भाची रेखा कॉम्प्युटर शिकलेली, माझ्यासोबत काम करते. म्हणाली, "मावशी, बायकांना नवे फोन घ्यायला सांग."

"त्यापेक्षा मी नवी भाची बघते."

रेखा कुंताचा फोन घेऊन बसली.

*

पाळी सुरू होताना आमच्याकडं बॉयलरला हळदीकुंकू लावतात, नारळ फोडतात आणि त्याचा फोटो ॲपमध्ये टाकतात. हे फोटो पाळीच्याच टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात होते. मांडणी बदलताना एकेक उचलून ठेवला जायचा. आणि प्रत्येक फोटोत मशीनवर हात ठेवून बॉयलरचे मालक भगवानराव.

रेखा म्हणाली, "मावशी, सगळ्या फोनांवर भगवानराव बसलेत."

"उठव त्यांना."

फोटो वेगळे काढले; ॲप उघडल्यावर ते मागून सावकाश हलतील. एकेक नोंद वेगळी सेव्ह व्हायची, ती गठ्ठ्यानं एकदाच करायला लावली. माझ्या फोनवर झटक्यात उघडलं. रेखा उठायला लागली.

"बस खाली," मी म्हटलं. "माझ्या फोनचं कौतुक कुणाला? कुंताच्या फोनवर उघडू दे."

*

या हंगामात पहिली पाळी कुंताची. नेमकं त्याच सकाळी नवं अपडेट सगळ्यांच्या फोनवर गेलं. बॉयलर ट्रॅक्टरला जोडून भगवानराव तिच्या शेताच्या धुऱ्यावर आले, तिच्या हातातला फोन बघून हसले.

"कुंताबाई, तुमचं चालू द्या निवांत. तवर मी पुढं पाटलाच्या शेतात लावतो."

ट्रॅक्टर वळायला लागला. कुंता आडवी उभी राहिली आणि फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. ॲप उघडलेलं, सगळ्यात वर तिचं नाव.

"ट्रॅक्टर बंद करा, भगवानराव."

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरले आणि शेतातल्या चुलीपाशी जाऊन बसले.

"बरं, चहा तरी द्या."

कुंता म्हणाली, "ठेवायला टाइमच न्हाई भेटला."