आत्याच्या तोंडाची चव

माझी आत्या गावाबाहेरच्या एका विश्रामगृहात स्वयंपाकीण आहे. मागच्या मळ्यात सकाळी खुडलेली भाजी दुपारी पाहुण्यांच्या ताटात, अशी त्या जागेची ख्याती. मध्यंतरी एका तापानंतर आत्याच्या तोंडाची चवच गेली. मीठ कळेना, आंबट कळेना. तिने मालकिणीला सांगितलं, "आता दुसरी कुणीतरी बघा."

"चव मी घेते. हात तुमचेच राहू देत," मालकीण म्हणाली.

तेव्हापासून आत्या रांधायची, मालकीण चाखायची आणि मिठावरून दोघींची रोज हुज्जत व्हायची. स्वतः आत्या मात्र नुसतं पोट भरायला जेवायची.

एका दुपारी पाहुणे कमी होते. मालकिणीने आत्याला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि मळ्यातल्या टोमॅटोचं सूप स्वतः करून वाढलं. पहिल्याच घोटाला आत्या थबकली. तिने घाईघाईने दुसरा घोट घेतला.

"काय झालं हो?" मालकिणीने विचारलं.

"आंबट लागतंय." आत्याचे डोळे भरून आले. मग ती म्हणाली, "आणि मीठ जरा जास्तच पडलंय तुमच्याकडून."

मालकीण हसत हसत तिच्यासमोरच जेवायला बसली.

गोड अजून नीट कळत नाही. तेही येईल, असं आत्या म्हणते.