पद्मजाकाकूंच्या बॅगेतल्या बाटल्या

हे मी लिहिणारच नव्हते. टाइप केलं, फाडलं, परत टाइप केलं, कारण यात माझी आई आहे आणि आपल्या मराठी मंडळाच्या अंकात स्वतःच्या आईबद्दल असलं कुणी लिहीत नाही. पण परवा गणपतीच्या जेवणात कुणीतरी म्हणालं, "यंदा इंडियाला पार्सलं कोण नेणार? आपलं पोस्ट ऑफिस तर एफबीआयने बंद केलं!" आणि सगळे हसले. सगळे! म्हणून लिहितेय. राग आला तर येऊ दे.

पोस्ट ऑफिस म्हणजे पद्मजाकाकू. दर डिसेंबरला त्या इथून, सनीव्हेलहून, नागपूरला जायच्या, आणि निघायच्या आधी त्यांच्या अपार्टमेंटमध्ये पॉटलक व्हायचं, प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा. ज्याला जे पाठवायचं ते तो तिथे घेऊन यायचा. कुणाच्या आईचं गुडघ्याचं मलम, कुणाच्या भाचीचा वॉकमन, परफ्यूम, टँगचे डबे. काकूंचे स्वतःचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत, सूटकेस सगळी लोकांची. आणि आत काय आहे हे काकू कधी विचारायच्या नाहीत. विचारणं म्हणजे संशय घेणं, आपल्या माणसांवर कसला संशय? कुणी सांगायला लागलं तर त्याच अडवायच्या, "अगं राहू दे गं. तू विश्वासाने देतेस, मी विश्वासाने नेते."

गेल्या डिसेंबरच्या पॉटलकला हेमचंद्रकाका आले. मंडळाचे अध्यक्ष, कम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत मॅनेजर, आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्यांचा. त्यांनी व्हिटॅमिनच्या मोठ्या मोठ्या बाटल्या टेबलावर मांडल्या, झाकणांना टेप गुंडाळलेला.

"वहिनी, मुंबईला एअरपोर्टवर माझा माणूस येईल घ्यायला. आईसाठी आहेत. टेप काढू नका हं, गोळ्यांना हवा लागते."

माझी आई, मृणालिनी, शेजारीच पुऱ्या वाढत होती. ती म्हणाली, "भावजी, एवढी व्हिटॅमिनं आईंना की हत्तीला?" खोलीभर हशा. हेमचंद्रकाकाही हसले.

सॅन फ्रान्सिस्कोला विमानात चढायच्या आधी काकूंची बॅग उघडली गेली. बाटलीत वर गोळ्या. खाली काळ्या फोममध्ये खोचलेल्या चिप्स, रांगेने, मेलेल्या झुरळांसारख्या. चोरलेल्या. विमान गेलं, काकू राहिल्या.

तेव्हा नाव-पत्ता घेऊन त्यांना घरी सोडलं. मग एक दिवस काकूंच्या घरी बेल वाजली. दारात एफबीआयचे दोघं, सूट-टायमध्ये. सवयीने काकूंनी आधी चहा विचारला. दोघं नको म्हणाले. त्या घरात चहाला नको म्हणणारी माणसं पहिल्यांदाच आली होती.

"एफबीआय कशाला?" काकू म्हणाल्या. "मी काय बँक लुटली? कुणाचं पोर पळवलं?"

"बँका, किडनॅपिंग, हेरगिरी, सगळं आमच्याकडेच असतं, मॅम," त्यातला मोठा म्हणाला. "आणि चोरीचा माल राज्याबाहेर, देशाबाहेर नेणं, तेही. तुम्ही यात कुठे बसता, तेच बघायला आलोय."

"हेमचंद्रभावजींनी दिल्या. सगळ्यांसमोर दिल्या. कुणालाही विचारा!"

किती खात्रीने म्हणाल्या त्या. कुणालाही विचारा!

त्यांनी विचारलं. घरोघर जाऊन विचारलं. श्रीरंगकाका म्हणाले मी कॅसेट लावत होतो. कांचनमावशी म्हणाल्या मी किचनमध्ये होते. हेमचंद्रकाका म्हणाले मी तर नुसता चिवडा दिला. माझी आई म्हणाली पार्सलं खूप होती, कुणाचं कुठलं कसं सांगणार. झालं. बाटल्या कुणीच दिल्या नव्हत्या, म्हणजे त्या काकूंच्याच. एकाने जरी "हो, पाहिलं" म्हटलं असतं तरी काकू सुटल्या असत्या. नाहीतर जेल.

काकूंनी माझ्या आईला फोन केला.

"मृणाल, अगं तूच म्हणालीस ना, हत्तीला? तेवढंच सांग त्यांना."

"मला नाही आठवत गं."

"सगळे हसले होते, मृणाल."

"हे बघ पद्मजा, आमचं ग्रीन कार्ड अडकलंय. आम्हाला यात नको ओढूस."

काकूंचे मिस्टर, चंद्रशेखरकाका, यांना या चौकशीपायी ऑफिसने घरी बसवलं होतं. ते म्हणाले, "पद्मजा, सोड आता, कुणी येणार नाही." काकू म्हणाल्या, "अहो, मृणाल येईल." वेडी आशा! आई गेली नाही.

काकूंना सोडवलं ते कुणी? आपल्यापैकी कुणी नाही. कंपनीच्या गोडाऊनमधून चिप्स काढून देणारा माणूस पकडला गेला आणि त्याने हेमचंद्रकाकांचं नाव घेतलं. काकूंवरचा संशय गेला, मंडळाने मात्र त्यांना तोडलं. "भावजी चुकले असतील, पण आपल्या माणसाचं नाव गोऱ्यांना सांगायचं?" हे म्हणणारे तेच, जे कॅसेट लावत होते! हळदीकुंकवाचं बोलावणं बंद. पार्सलं बंद. इंडियन स्टोअरमध्ये काकू आत आल्या की बायका डाळीच्या पिशव्या वाचायला लागतात. अरे, डाळीच्या पिशवीवर एवढं काय वाचायचं असतं?

चंद्रशेखरकाकांना परत नोकरी मिळाली नाही. दिवाळी झाली की दोघं कायमचे नागपूरला चाललेत. मागच्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काकू बॅग भरत होत्या. पहिल्यांदाच सूटकेसमध्ये फक्त त्यांचे कपडे होते आणि ती अर्धी रिकामी होती. मधेच म्हणाल्या, "मृणाल गुडघ्याचं मलम देईल का गं तिच्या आईसाठी? माझ्या वाटेवरच आहे घर." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन आईला सांगितलं. ती नुसती भांडी घासत राहिली.

तर आई, आणि तुम्ही सगळे, दिवाळीच्या आधी जा त्यांच्याकडे. लवकर जा. बेल वाजवू नका, त्या दिवसापासून त्या बेलला दार उघडत नाहीत. बाहेरून हाक मारा, आपल्या आवाजात. चहा विचारतील. नको म्हणू नका.