उंबरठ्याबाहेरची पावलं

डिसेंबरचा दुसरा शनिवार, सकाळी साडेनऊ. हजर: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि सासूबाई. गैरहजर: कोणी नाही. जर्मनीत, कोलोनमधल्या आमच्या तीन खोल्यांत गैरहजर राहायला जागाच नाही.

मी याद्या करते. त्या शनिवार-रविवारच्या यादीत बारा कामं होती. पहिलं, म्युझियम. लेकीला शाळेतून एका चित्राचं पानभर वर्णन लिहायला सांगितलं होतं आणि शहरात जुन्या-नव्या अमेरिकन चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. बारावं, सासूबाईंची सही.

सासरे गेल्यापासून सासूबाई मिरजेच्या घरी एकट्याच होत्या. ऑक्टोबरात त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं, आणि मग नवऱ्याने ठरवलं की आता आई कायमची इथेच राहील. त्याने ठरवलं, मी फाइल केली. दाखले, त्यांची भाषांतरं, विमा, घराच्या क्षेत्रफळाचा कागद, सगळ्याला रंगीत टॅब. परदेशी लोकांचे कागद पाहणाऱ्या कचेरीत सोमवारी नऊ वीसचा टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, मिळाला होता. अर्जावर सही कुठे करायची तिथे मी पेन्सिलीने फुलीसुद्धा मारून ठेवली होती. सासूबाई नाही म्हणाल्या नव्हत्या. हो पण म्हणाल्या नव्हत्या. "बघू गं," म्हणायच्या, आणि नेमका तेव्हाच त्यांना चष्मा सापडायचा नाही.

मला त्या हव्या होत्या, हेही लिहायला हवं. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळतात त्या होर्टमध्ये लेकीला जागा मिळाली नव्हती. सासूबाई आल्या म्हणून मी पुन्हा पूर्णवेळ कामाला जाऊ लागले होते.

त्यांचा दिवस कसा जायचा ते मला ठाऊक होतं, पण त्याची यादी मी केली नव्हती. आमचा मजला तिसरा, लिफ्ट नाही. नोव्हेंबरात एकदा त्या केराची पिशवी ठेवायला दाराबाहेर गेल्या आणि मागे दार ओढलं गेलं. इथली दारं ओढली की बंदच होतात. किल्ली आत, फोन आत, जिना थंडगार. मी येईपर्यंत दोन तास त्या पायरीवर गाऊनमध्ये बसून होत्या. शेजाऱ्यांची बेल वाजवली नाही, कारण काय सांगायचं ते येत नव्हतं. त्यानंतर त्या एकट्या दाराबाहेर गेल्या नाहीत. मी लगेच दाराशी किल्लीसाठी हूक लावला आणि प्रश्न सुटला असं समजले.

म्युझियमसाठी मी दीड तास धरला होता. सासूबाई छत्तीस वर्षं शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या, एलिमेंटरी-इंटरमीजिएटला मुलं बसवायच्या. पहिल्या दालनात भिंतभर डोंगर, दऱ्या, सोनेरी उजेड. त्या मागे मागे सरकत थेट दारापर्यंत गेल्या.

"एवढं आभाळ! आणि माणूस बघ, तीळ ठेवल्यासारखा."

"आई, किती मार्क?" नवऱ्याने विचारलं.

"अ श्रेणी. पण पाणी घाईत उरकलंय त्याने."

पुढच्या दालनात पेट्रोल पंप, हॉटेलच्या खोल्या, खिडकीशी एकेकटी बसलेली माणसं. इथे त्या भराभर चालल्या. "ह्यांच्याकडे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत वाटतं?"

"अगं आई, ही अमेरिका आहे."

"हो का? मग इथे बोलतात?"

नवरा शेजारच्या चित्राखालची पाटी वाचू लागला.

तिसऱ्या दालनाच्या कोपऱ्यात वहीएवढं चित्र होतं. बर्फातलं लाकडी घर, अर्धवट उघडं दार, आणि दारापासून चौकटीच्या कडेपर्यंत गेलेली पावलं. माणूस नाही. सासूबाई समोरच्या बाकावर बसल्या त्या उठेचनात.

"आई, अजून दोन खोल्या राहिल्यात."

"या तुम्ही बघून. मी बसते."

"गुडघे दुखतायत का?"

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

लेक त्यांना टेकून बसली. ती मराठी सगळं समजते, उत्तरं जर्मनमध्ये देते. सासूबाईंना जर्मन येत नाही, तरी त्या दोघींचं चालतं. चित्रात कोणीच नाही, असं लेक तिच्या भाषेत म्हणाली आणि हात हलवून दाखवलं.

"नाही कसं? पावलं बघ की. घरी चाललाय तो."

लेकीने चित्रातल्या घराकडे बोट केलं.

"ते? ते त्याच्या मुलाचं असेल," सासूबाई म्हणाल्या.

मी ते ऐकलं. ऐकून घड्याळ पाहिलं, वही काढली आणि पहिल्या कामावर टिक केली.

रविवारी आमची खिडकी होती. आमच्या इमारतीत नाताळच्या आधी रोज एक घर आपली एक खिडकी सजवून उजळतं आणि शेजारी खाली अंगणात गरम ज्यूस घेऊन बघायला जमतात. काळ्या कागदात आकार कापायचे आणि मागून रंगीत पारदर्शक कागद चिकटवायचा. मी ताऱ्यांचे साचे आणून ठेवले होते.

"तारे नकोत. मी करते," सासूबाई म्हणाल्या. दर दिवाळीला त्या पोस्टकार्डाएवढी चित्रं करून नातेवाइकांना पाठवायच्या, पणती, उंबरठा, लक्ष्मीची पावलं. आमच्या लग्नानंतरचं पहिलं माझ्याकडे अजून आहे. आता तेच चित्र त्यांनी खिडकीच्या मापाचं केलं. दुपारभर कात्री चालली. चष्मा बरोबर सापडला होता.

साडेचारला अंधार झाला. मी चित्र काचेवर धरलं, मागे दिवा लावला आणि पाहिलं तर पावलं उंबरठ्यातून बाहेर निघालेली.

लक्ष्मीची पावलं घरात येणारी काढतात, हे आमच्याकडे रांगोळीची चिमूट धरता येणाऱ्या पोरीलाही कळतं. मला वाटलं, चित्र काचेवर उलट्या बाजूने लागलं असेल. फिरवून लावलं. उंबरठा डावीकडून उजवीकडे गेला, पावलं बाहेरच. खालचं वर केलं, तर पणती उलटी टांगली गेली आणि पावलं तरीही बाहेर. चार प्रकारे लावून पाहिलं.

"आई, पावलं चुकलीत."

"चुकली नाहीत."

"अहो, बाहेर चाललीत ती."

"हो." त्या कात्री पुसत होत्या. "चूक वाटत असेल तर मार्क काप."

दुसरं करायला वेळ नव्हता. आहे तसंच लावलं.

सहाला शेजारी जमले. सासूबाई माझा जाड कोट घालून, कठडा धरून खाली आल्या. सगळ्यांनी माना वर करून चित्राचं कौतुक केलं. तळमजल्यावरच्या आजींनी लेकीला विचारलं, ही कोणाची पावलं? मी लक्ष्मीचं थोडक्यात सांगायला तोंड उघडलं, तोवर लेक स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "माझ्या आजीची. ती घरी चाललीय."

नवरा कपात बघत राहिला. माझ्या हातात ज्यूसचा थर्मास होता, तो मी उगाच घट्ट केला. आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते न समजता सासूबाई सगळ्यांकडे बघून हसल्या आणि मान डोलावली.

वर आल्यावर नवरा म्हणाला, "लहान आहे, काहीही बोलते."

"तू विचारलंस कधी आईंना?"

"तू फाइल केलीस ना. मला वाटलं, तू विचारलं असशील."

सोमवारी सकाळी मी टर्मिन रद्द केला. नवा मिळाला आठ जानेवारीचा. सासूबाईंचं परतीचं तिकीट नऊचं आहे. बारावं काम खोडून त्याच ओळीत लिहिलं: आईंना विचारणे, जायचंय का? उत्तर मला ठाऊक आहे, अडचण तीच आहे. एकदा विचारलं की तेरावं काम लिहावं लागेल, दुपारी लेकीजवळ कोण, आणि त्याला माझ्याकडे टॅब नाही.

आज बुधवार. घरूनच काम होतं. दुपारी वही घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई खिडकीशी, त्या चित्राच्या मागे, मेथी निवडत होत्या.

"काय गं?"

"काही नाही. डाळ संपलीय का बघायला आले."

डबा गळ्यापर्यंत भरलेला होता. मी झाकण लावलं, दोनदा दाबलं आणि माझ्या टेबलाशी परत आले. अकरा कामांवर टिक आहे. बारावं बाकी.