चौथीच्या छतातून काय पडलं

मुखेड तालुक्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत चौथीच्या वर्गाचं छत पडायला लागलं, तेव्हा मुख्याध्यापिका म्हणून मी आधी फोन हातात घेतला. दुरुस्तीची मागणी ॲपवरच टाकायची असते. मेलं ते ॲप सगळं इंग्रजीत. काय खराब झालंय ते सांगायला चार नावं: सिमेंट, मॉर्टर, प्लास्टर, काँक्रीट. यातलं एकच निवडा म्हणे.

मी आयुष्यभर मराठी आणि परिसर शिकवलेली बाई. बांधकामातलं मला एवढंच कळतं, की छतातून जे पडतं त्याला आमच्याकडं सगळे गिलावा म्हणतात. "बाई, गिलावा पडून राहिला," असंच पोरं सांगत आली होती. तरी खात्री करावी म्हणून फोनवर शब्दकोश उघडला. मॉर्टरपुढं 'उखळ'. काँक्रीटपुढं 'ठोस, मूर्त'. आता डोक्यावर पडणारं ठोस नाही तर काय असणार? प्लास्टरपुढं मात्र स्वच्छ 'गिलावा'. हायसं वाटलं. प्लास्टर निवडलं, फोटो जोडला, पाठवून दिलं.

मंजुरी आली, तीही लवकर. मी आठवडाभर ताठ मानेनं फिरले. मग ठेकेदारानं पाठवलेला म्हातारा मिस्त्री आला. बाकावर चढला, थापीच्या दांड्यानं छत ठोकलं, अन् तसाच खाली उतरला.

"बाई, गिलावा कवाच गेलाय. हे स्लॅबचं काँक्रीट सुटून राहिलंय. आतली सळई गंजून फुगली हाय. ह्याच्यावर गिलावा मारला तर दिसंल लई झ्याक, पण धरायचं न्हाई."

"मग काय करायचं, मामा?"

"मला तर गिलाव्याचंच काम दिलंय. तुमी साहेबाला इचारा."

विचारलं. तालुक्याचे बांधकामाचे साहेब फोनवर अगदी गोड. "मॅडम, प्लास्टर तुम्हीच निवडलंय. आता बदलता येत नाही. काम नको म्हणालात तर मंजुरी परत जाईल. करून घ्या, मग नवी मागणी टाका."

मी करून घेतलं. पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही माझीच. नवी मागणी टाकायला गेले तर ॲप म्हणतं, ही खोली दुरुस्त झालेली आहे. साहेबही तेच म्हणतात. दोनदा पत्र दिलं, उत्तर नाही. खोली बंदच ठेवते म्हटलं तर, "दुरुस्त खोली बंद कशी ठेवणार, मॅडम?" दुसऱ्या खोलीत पहिली ते तिसरी आधीच मांडीला मांडी लावून बसतात. पडवीत पावसाचं पाणी येतं. चीड येते, अन् सगळ्यात जास्त स्वतःचीच येते. एक बोट जरा खाली दाबलं असतं तर!

मिस्त्री जाताना एवढं सांगून गेला होता, की भिंतीकडचं छत अजून धरून आहे, मधलंच गेलंय. म्हणून चौथीची पोरं मी भिंतींना लावून बसवते. मधली जागा रिकामी.

परवा एक आई आली. वर्ग बघून खूश झाली. "खोली लई झ्याक केली बाई. पर माझ्या लेकीला भिताडाला का बसवलं? मधी बसवा की, फॅनखाली."

मी तिला सगळं सांगितलं. चूक माझी होती, तेही सांगितलं. तिनं वर पाहिलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत छत. ती हसली.

"काय बी सांगता बाई. आत्ताच तर दुरुस्त झालं."

तिनं लेकीचं दप्तर उचललं, फॅनखाली ठेवलं, अन् पोरगी तिथं बसेपर्यंत दारात उभी राहिली. ती फाटकाबाहेर गेल्याबरोबर मी पोरीला उठवून परत भिंतीला बसवलं. ती मुसमुसायला लागली.

"बाई, आई उद्या बी येणार हाय बघायला."