पाठीमागून घेतलेला व्हिडिओ

"खांदा विसर, मॅन. खांदा देवानं क्रॉस उचलायला दिलाय. रॉड खालच्या हातानं ओढायचा." असं म्हणत अंकल माझ्या मागे उभे राहायचे आणि दोन बोटांनी माझं कोपर बरगडीला टेकवायचे.

उम्म अल कुवैनच्या खाडीवर शनिवारी सकाळी गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. मूळचे वसईचे, दुबईतल्या एका हॉटेलात बँक्वेट सांभाळणारे, निवृत्तीला आलेले. सगळे त्यांना अंकल म्हणायचे. पिसांची खोटी माशी लावून मासे पकडण्याचा नाद त्यांना हॉटेलातल्या एका स्कॉटिश साहेबानं लावला. त्यातही त्यांचा जीव स्पे कास्टिंगवर, म्हणजे गळ फेकण्याच्या एका खास पद्धतीवर. या खाडीच्या काठाला तिवरांची दाटी आहे. फेकताना लाइन, म्हणजे गळाची दोरी, मागे उडवली की झाडात अडकते. स्पेमध्ये ती पाण्यावरूनच उचलायची, अंगाशेजारी तिचा फुगवटा करायचा आणि लांब रॉड दोन्ही हातांनी फिरवून पुढे सोडायची.

माझी चूक एकच होती. मी वरच्या हातानं ढकलायचो, आणि लाइन पुढे जाऊन ढीग होऊन पडायची. त्यावर अंकलनी खबूस आणला. रोट्यांची ती पिशवी त्यांनी माझ्या उजव्या काखेत दाबली. कोपर उडालं की पिशवी पाण्यात.

"खलास! नाश्ता माशांना गेला," ते ओरडायचे. मग पिशवी झटकून तोच खबूस आम्ही चहाबरोबर खायचो.

स्वतः ते कधी फेकत नसत. "मी फेकलं तर तू बघत बसशील. शिकणार कधी?" आम्हाला हे उत्तर पटत असे.

मोबाइलवर व्हिडिओ मात्र घ्यायचे, नेहमी मागून. "समोरून चेहरा दिसतो, मॅन. मागून चूक दिसते." त्या हिवाळ्यात ते मला स्वतःची मान झाकणारी टोपी आणि खाकी शर्टही घालायला देऊ लागले. "मान भाजली तर तुझी बायको मला शिव्या घालेल."

हिवाळा संपता संपता एका सकाळी कास्ट जमला. खालचा हात पोटाशी आला, वरचा जागच्या जागी थांबला, आणि लाइन उलगडत पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत जाऊन आवाज न करता पाण्यावर टेकली. मी वळून पाहिलं. अंकल मोबाइल खिशात घालत होते.

"दाखवा ना."

"अरे, बटणच दाबलं गेलं नाही. जाऊ दे. हाताला कळलं ना?" त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, आनंदानं.

महिन्याभरानं आम्हा खाडीवरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदन सुरू झालं. उत्तरेकडच्या एका थंड नदीवरच्या फिशिंग लॉजमध्ये अंकलना कास्टिंग शिकवण्याची नोकरी लागली होती. अर्जासोबत पाठवलेला व्हिडिओही कुणीतरी टाकला होता. टोपी त्यांची, शर्ट त्यांचा, नंतर वरून जोडलेला आवाजही त्यांचा: "वॉच माय लोअर हँड." मी तो हात पाहिला. मनगटावर माझा गणपतीतला लाल धागा होता. वसईच्या कॅथलिक माणसाच्या हातात तो कसा आला, हे कुणी विचारलं नाही.

मी त्यांना कॅफेटेरियात गाठलं. करक चहा आला.

"तो हात माझा आहे, अंकल."

"तुझा?" ते शांत होते. "आलास तेव्हा कसा होता, आठवतं? हा मी घडवलाय."

"मग स्वतःचा का नाही दाखवलात?"

त्यांनी उजवा हात टेबलावरून उचलला. तो छातीपर्यंत येऊन थांबला. "इथपर्यंत. शर्ट घालायला बायको लागते. लॉजवाल्यांना हे सांगू? इथला व्हिसा संपतोय. वसईला जाऊन भावाच्या ओट्यावर बसू?"

"मला विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं."

"माहीत होतं रे. मग तो तुझा उपकार झाला असता. उपकार घेऊन नदीत कसा उभा राहू?"

हे खरं असेल. मला त्यानं बरं वाटलं नाही. टोपी माझ्या मानेसाठी नव्हती, आणि बटण दाबलं गेलं होतं. घरी जाताना डोक्यात एवढंच होतं.

विमानतळावर मी गेलो नाही. ग्रुपवर फोटो आले. अंकल डाव्या हातानं निरोप देत होते. पुढे तिथल्या पाहुण्यांसमोर त्यांनी कसं निभावलं, मला माहीत नाही. त्यांनी कळवलं नाही, मी विचारलं नाही.

परवा खाडीवर दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतला एक नवा माणूस आला होता. थोडा वेळ माझं कास्टिंग बघत उभा राहिला.

"सर, सेम ग्रुपवरच्या त्या व्हिडिओतल्या अंकलसारखं मारता. त्यांच्याकडेच शिकलात?"

"हो."

"वाटलंच. पण त्यांची सफाई वेगळीच हां," तो मोकळेपणानं म्हणाला. "तेवढी यायला तुम्हाला अजून वेळ लागेल."

मी मान हलवली आणि लाइन गुंडाळायला घेतली.