कैलासने ठरवलेलं दमण

दमण कैलासने ठरवलं, तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं. दर हिवाळ्यात एक रविवार आम्ही तिघं मित्र समुद्रकाठचं एखादं जुनं गाव बघून यायचो. वसई झाली होती, अर्नाळा, केळवे-माहीम झालं होतं. मी शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून गाव मी निवडायचो. मारुती व्हॅन संजयची. मखमलाबादचा कैलास पहाटे बाजारात झेंडू उतरवायचा आणि तसाच गाडीत येऊन बसायचा. २००१ च्या जानेवारीत मात्र तो म्हणाला, "यंदा दमणला जाऊ. नाय म्हणू नका." दिवाळीच्या आधी त्याचे वडील, नाना, गेले होते. मन रमवायचं असेल असं समजून आम्ही हो म्हटलं.

नाशिकहून पेठ, कपराडा, वापी आणि मग दमण. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण तेव्हाच्या रस्त्याने चार तास धरावे लागत. पेट्रोल नाशिकलाच भरून घेतलेलं बरं. पेठला चहा आणि गरम भजी मिळाली, तिघांचे मिळून वीसेक रुपये. त्याआधी सावळघाटात दाट धुकं होतं. एरवी घाटात गाणी म्हणणारा कैलास खिडकीबाहेर बघत बसला होता.

"काय रे, झेंडूचा भाव पडला का?" संजयने चिडवलं. तो हसलाही नाही.

दमणगंगेच्या दक्षिणेला मोटी दमण, उत्तरेला नानी दमण. मोटी दमण ऊन चढायच्या आत बघावं. काळ्या दगडी तटाच्या आत शांत रस्ते आहेत आणि चर्चमधली कोरीव लाकडी वेदी बघत उभं राहावं अशी आहे. दीपस्तंभापाशी तटावर चढलो. ओहोटी होती, समुद्र पार आत गेला होता आणि काळपट वाळू उघडी पडली होती. मी पोर्तुगीजांबद्दल काहीतरी सांगत होतो. कैलास नदीपलीकडे बघत होता. मग त्याने खिशातून घडी पडलेलं आंतर्देशीय पत्र काढलं.

"हा पत्ता पलीकडचाच ना?"

"कोणाचा?" संजयने विचारलं.

"रामदासदादाचा."

त्याचा थोरला भाऊ. आमची मैत्री व्हायच्या आधीच तो घर सोडून गेला होता, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. बाकीचं कैलासने तिथे तटावर सांगितलं. त्यांच्या मळ्यात फुलं तोडायला सुरगाण्याकडचे आदिवासी मजूर यायचे. त्यांच्यातल्या यमुनाशी दादाने लग्न केलं. नानांनी दोघांना अंगणातूनच परत पाठवलं. त्यानंतर घरात त्याचं नाव काढायची कोणाची हिंमत नव्हती.

पूल ओलांडून नानी दमणला आलो. किल्ल्यामागे, मच्छीमारांच्या धक्क्याजवळ, होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्याचं छोटं दुकान सापडलं. हात ग्रीसने माखलेला माणूस बाहेर आला आणि थबकला.

"कैलास? केवढा झालास!"

त्याने आम्हाला बाकावर बसवलं. पाच-सहा वर्षांच्या एका मुलीने पाणी आणून दिलं.

"नाना गेले, दादा. दिवाळीच्या आधी."

रामदासने हातातला पाना खाली ठेवला. "आई?"

"हाय. गुडघे लय दुखतात, पण हाय. वहिनी कुठंय?"

रामदासने मुलीकडे पाहिलं. "हिच्या बाळंतपणात गेली. मी पत्र टाकलं होतं, महिनाभर आईला पाठवा म्हणून. नानांनी फाडलं असेल."

कैलास गप्प राहिला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. नानांवर ढकलायला आता काय हरकत होती? पण तो म्हणाला, "नानांनी नाय. पत्र माझ्या हातात पडलं, दादा. माझं लग्न ठरलं होतं. तुझा विषय निघाला तर सोयरीक मोडेल, म्हणून मी दाबून ठेवलं."

धक्क्यावर कोणीतरी इंजिन चालू करून बघत होतं. ते बंद झालं.

"आई आली असती तर यमुना वाचली असती, असं म्हणत नाही मी," रामदास म्हणाला. "पण ती वाट बघायची रे. रोज दुपारच्या गाडीच्या वेळेला दारात जाऊन बसायची."

कैलास पाया पडायला वाकला. रामदासने पाय मागे घेतले. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "जेवून जा. लांबून आलात."

तळलेले ताजे बोंबील, डाळ, भात. मुलगी वाढत होती. हात धुताना कैलास म्हणाला, "एकदा घरी चल."

"माझं घर हेच. निघा आता, घाटात अंधार होईल."

जाणाऱ्यांसाठी सांगतो: दमणची दारू परतीच्या वाटेवर बाळगू नका. गुजरातेत बंदी आहे, नाक्यावर गाडी तपासतात. आमचीही तपासली. संजय खाली उतरला, परत बसला.

मखमलाबादला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. "आत या," कैलास म्हणाला, "एकट्याने नाय जमणार." त्याची आई हार ओवत बसली होती. त्याने सगळं सांगितलं, पत्रासकट. ती सुई हातात धरून ऐकत राहिली.

"नातीचं नाव काय?" तिने विचारलं.

कैलासने माझ्याकडे पाहिलं, मी संजयकडे. त्या पोरीने आम्हाला पाणी दिलं, जेवायला वाढलं, आणि आम्हा तिघांपैकी कोणीच तिला नाव विचारलं नव्हतं.

"उद्याच नेतो तुला," कैलास म्हणाला.

"तू नको. मी विचारत विचारत जाईन."

आणि ती गेली. तसले गुडघे घेऊन, एकटी, एसटीने. पावसाळ्यापर्यंत तिथेच राहिली.

याला आता सात-आठ वर्षं झाली. आमच्या सहली त्यानंतर बंद पडल्या. ठरवून नव्हे, पुढच्या हिवाळ्यात कोणी विषयच काढला नाही. दमण सुंदर आहे, जरूर जा. माझ्या डोळ्यांपुढे मात्र किल्ल्याआधी ती न पाहिलेली बाई येते, दुपारच्या गाडीच्या वेळेला दारात बसलेली.

कैलासची आई अजूनही दर हिवाळ्यात महिनाभर दमणला जाते. तो तिला स्टँडवर सोडतो, खिडकीतून पिशवी आत देतो आणि विचारतो, "पुढच्या खेपेला मी येऊ?"

"रामदासला विचारते," ती म्हणते.

परत आली की तो पिशवी उतरवून घेतो. ती नातीबद्दल भरभरून बोलते, शाळेचं, खोड्यांचं. त्याच्या प्रश्नाबद्दल काही बोलत नाही, आणि तोही पुन्हा विचारत नाही, पुढच्या हिवाळ्यापर्यंत.